बोलविता धनी कोण?

८ मार्च १९७१ची रात्र. न्यू यॉर्कमध्ये मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची झुंज रंगली होती आणि अमेरिकेचं सगळं लक्ष तिकडे होतं. नेमकी हीच वेळ साधून पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात आठ जणांनी एफबीआयच्या लहानशा कचेरीचं दार उचकटलं आणि हाती लागल्या तेवढ्या फायली सुटकेसांत भरून नेल्या. त्या आठांपैकी बॉनी रेन्स ही तीन मुलांची आई काही आठवडे आधी कॉलेजकन्या बनून त्या कचेरीत जाऊन आली होती. एफबीआयमध्ये स्त्रियांना कोणत्या संधी आहेत यावर आपल्याला लिहायचं आहे, असं तिनं तिथल्या साहेबांना सांगितलं. बोलता बोलता कुलपं पाहिली, कपाटं पाहिली, हातमोजे मात्र शेवटपर्यंत काढले नाहीत. साहेबांनी खरं उत्तर द्यायचं ठरवलं असतं तर मुलाखत एका वाक्यात आटोपली असती. एजंट म्हणून बायकांना घ्यायला एफबीआयनं सुरुवात केली ती १९७२ साली.

फायली वर्तमानपत्रांकडे पोचल्या. एका कागदावर वरिष्ठांचा सल्ला होता: चळवळीतल्या लोकांना गाठून वरचेवर चौकशा करा, म्हणजे त्यांच्या मनातला संशय बळावेल आणि प्रत्येक टपालपेटीआड आपला माणूस उभा आहे असं त्यांना वाटू लागेल. दुसऱ्या एका चिठ्ठीवर ‘कॉइंटेलप्रो’ असा अगम्य शब्द होता. त्याचा माग काढता काढता समजलं की १९५६पासून एफबीआय निरनिराळ्या संघटनांमध्ये शिरून भांडणं लावत होती, निनावी पत्रं धाडत होती, एकाला दुसऱ्याचा खबऱ्या ठरवत होती. १९७५-७६मध्ये सेनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं हे सगळं अधिकृतपणे नोंदवलं. स्त्रीमुक्ती चळवळीवरची पाळतही त्यात आली. एका बैठकीला जमलेल्या बायकांनी आपण इथं का आलो, घरात आणि अंथरुणात आपली कशी घुसमट होते, हे एकमेकींना सांगितलं, असा अहवाल एका खबऱ्यानं निष्ठेनं लिहून पाठवला होता. देशाच्या सुरक्षेला त्यातून कोणता धोका दिसला, ते अहवाल वाचून कळत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की या प्रकरणात ज्यांच्याविषयी वाचायचं आहे त्या बायका भ्रमिष्ट नव्हत्या. १९७० साली बॉस्टनमध्ये बँक लुटताना एका पोलिसाचा खून झाला. त्या गुन्ह्यात हव्या असलेल्या सुझन सॅक्स आणि कॅथरिन पॉवर या तरुणी पुढं नावं बदलून केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावी लेस्बियन स्त्रीवाद्यांच्या वस्तीत राहून गेल्या. त्यांचा शोध घेत १९७५ साली एफबीआय तिथं पोचली. कोण कोणासोबत राहतं, कोणाची मैत्रीण कोण, असे प्रश्न दारोदार विचारले गेले आणि ग्रँड ज्युरीपुढं तोंड उघडायला नकार देणाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं. अशा वातावरणात शेजारी बसलेली बाई खबरी असेल का, असा प्रश्न मनात येणं हा रोग नव्हता. ती सावधगिरी होती.

प्रश्न पुढचा आहे. ही सावधगिरी कामाला आली ती कोणाविरुद्ध?

पहिली पाळी लेस्बियनांची. १९६९मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेच्या एका बैठकीत बेटी फ्रीडन यांनी त्यांना ‘जांभळं संकट’ ठरवलं. आपल्या मागण्या मुलांच्या पाळणाघरांच्या, समान पगाराच्या. या बायका पुढं आल्या तर लोक म्हणतील, बघा, सगळ्या पुरुषद्वेष्ट्याच आहेत, अशी त्यांना धास्ती होती. १ मे १९७० रोजी न्यू यॉर्कला स्त्री संघटनांची परिषद भरली होती. सभागृहातले दिवे अचानक गेले, परत आले तेव्हा तेच दोन शब्द छापलेले टी-शर्ट घातलेल्या बायका व्यासपीठाचा ताबा घेऊन उभ्या होत्या. पुढच्या वर्षी फ्रीडन यांच्या संघटनेनं लेस्बियनांच्या बाजूनं ठराव केला. फ्रीडनबाईंचा संशय मात्र गेला नाही. १९७३ साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात त्यांनी लिहिलं की चळवळ फोडणाऱ्या त्याच, ज्या समलैंगिकतेचा आणि पुरुषद्वेषाचा मुद्दा सतत पुढं रेटतात. यामागं सरकारी हस्तकांचा हात असावा, असं त्यांना वाटत होतं.

या संशयाची घडण नीट बघण्यासारखी आहे. सरकार चळवळीत फूट पाडतं, हे खरं. लेस्बियन प्रश्नावरून चळवळीत फूट पडते आहे, हेही खरं. म्हणून लेस्बियन प्रश्न सरकारनं पाठवला. दुवे खरे, साखळी खोटी. ज्या कारस्थानकथा सुशिक्षित, विचारी माणसांना पटतात, त्यांची घडण बहुधा हीच असते. पृथ्वी सपाट असल्याची कथा पटायला डोळे मिटावे लागतात. ही मात्र डोळे उघडे ठेवूनही पटते, कारण डोळ्यांना दिसतं ते सगळं तिच्याच बाजूचं असतं. बेटी फ्रीडन यांच्याबद्दल एवढं सांगायला हवं, की नोव्हेंबर १९७७मध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत लेस्बियन हक्कांच्या ठरावाला अनुमोदन द्यायला त्या स्वतः उभ्या राहिल्या.

ज्यांना घुसखोर म्हटलं गेलं होतं, त्यांच्याच एका परिषदेत पुढं काय झालं ते आता पाहू. एप्रिल १९७३मध्ये लॉस एंजलिसच्या विद्यापीठात पश्चिम किनाऱ्यावरच्या लेस्बियनांची परिषद भरली. हजाराहून जास्त बायका आल्या होत्या. बेथ इलियट ही गायिका आयोजकांपैकी एक होती. ती ट्रान्स स्त्री होती, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंदली गेलेली. ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ या जुन्या लेस्बियन संघटनेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेची ती उपाध्यक्ष झाली होती आणि १९७२च्या अखेरीस ती स्त्री नाही या मुद्द्यावर मतदान होऊन तिला बाहेर काढण्यात आलं होतं. परिषदेत ती गायला उभी राहिली तेव्हा एका गटानं मंचावर धाव घेतली. मतदान झालं, बहुमत तिच्या बाजूनं पडलं. ती थोडं गायली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी रॉबिन मॉर्गन यांचं बीजभाषण होतं. त्यांनी ठरलेल्या भाषणात बदल करून इलियटवर हल्ला चढवला. संधिसाधू, घुसखोर, विध्वंसक आणि बलात्काऱ्याच्या मनोवृत्तीची, असे आरोप त्यांनी केले.

मॉर्गन स्वतः एका पुरुषाशी लग्न केलेल्या, एका मुलाची आई. लेस्बियनांच्या परिषदेत बीजभाषण हिला का, असं विचारणाऱ्या तिथं होत्याच. ज्याच्या पात्रतेवर बोट ठेवलं जातं तो माणूस दुसऱ्याच्या पात्रतेकडे बोट दाखवतो, हे कुठल्याही गावच्या पंचायतीत दिसतं. पण तेवढ्यानं हा वाद निकालात निघत नाही. मॉर्गन आणि त्यांच्या बाजूच्या बायकांच्या म्हणण्यात एक खरा प्रश्न होता. पुरुष म्हणून वाढलेल्या, पुरुषाला मिळणारी वागणूक मिळालेल्या व्यक्तीला आणि जन्मापासून मुलगी म्हणून दाबल्या गेलेल्या व्यक्तीला एकच अनुभव आहे का? बाई असणं म्हणजे देह, की देहावर समाजानं लादलेलं जिणं, की स्वतःला आतून होणारी जाणीव? इलियटच्या बाजूलाही तितकाच खरा प्रश्न होता: बाईपण देहात नसतं, ते घडवलं जातं, असं सांगणारी चळवळ एका बाईला दारात अडवून तिचा देह कशी काय तपासते? दोन्ही प्रश्न तेव्हाही अवघड होते, आजही आहेत. ‘घुसखोर’ या आरोपानं एक सोय केली. प्रश्न बाजूला पडला, माणूस उरला.

दोन वर्षांनी हाच आरोप चळवळीतल्या सर्वांत प्रसिद्ध बाईवर झाला आणि तिच्याविरुद्धचा पुरावा कितीतरी बळकट होता.

ग्लोरिया स्टायनम पदवीनंतर शिष्यवृत्तीवर भारतात आल्या होत्या. दिल्लीत राहिल्या, रामनाडच्या जातीय दंगलीनंतर विनोबांच्या माणसांबरोबर तमिळनाडूतल्या खेड्यांतून पायी फिरल्या. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी इंडिपेंडंट रिसर्च सर्व्हिस नावाची संस्था चालवली. १९५९ साली व्हिएन्नात आणि १९६२ साली हेलसिंकीत कम्युनिस्टांच्या पुढाकारानं जागतिक युवक महोत्सव भरले, तिथं कम्युनिस्ट नसलेले अमेरिकन तरुण पाठवायचे, हे या संस्थेचं काम. पैसा सीआयएचा. १९६७ साली ‘रँपार्ट्स’ मासिकानं एका अमेरिकन विद्यार्थी संघटनेला सीआयए पैसे पुरवते हे फोडलं तेव्हा या संस्थेचंही नाव आलं. स्टायनम यांनी ते नाकारलं नाही. पैसा कुठून येतो हे आपल्याला ठाऊक होतं, आणि त्या लोकांशी आपला अनुभव चांगला होता, असं त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं.

पुढं १९७२मध्ये त्यांचं ‘मिस’ मासिक सुरू झालं. मे १९७५मध्ये ‘रेडस्टॉकिंग्ज’ या न्यू यॉर्कच्या जहाल गटानं पत्रकारांच्या एका मेळाव्यात पत्रक वाटलं. त्यांचा तर्क असा: हेलसिंकीच्या महोत्सवातलं वर्तमानपत्र काढायला क्ले फेल्कर होते, पुढं त्याच फेल्कर यांच्या ‘न्यू यॉर्क’ मासिकाच्या पोटात ‘मिस’चा पहिला नमुना अंक निघाला. वॉर्नर कम्युनिकेशन्स या कंपनीनं ‘मिस’मध्ये दहा लाख डॉलर घातले आणि मालकी मागितली फक्त पंचवीस टक्के, एवढा उदार भांडवलदार कोणी पाहिलाय? वरून मासिकातला स्त्रीवाद दिवसेंदिवस मवाळ होत चाललाय. तेव्हा ‘मिस’ हे सीआयएचं चळवळ मऊ करण्याचं साधन असावं.

यातली एकेक गोष्ट खरी होती. निष्कर्षाला मात्र पुरावा नव्हता. १९६२नंतर स्टायनम सीआयएसाठी काम करत होत्या असं दाखवणारा कागद रेडस्टॉकिंग्जकडे नव्हता. स्टायनम तीन महिने गप्प बसल्या. त्यांच्या लेखी हा आरोप उत्तर देण्याच्या लायकीचा नव्हता, पण या मौनाचाही पुरावा झाला. ऑगस्टमध्ये त्यांनी स्त्रीवादी नियतकालिकांना सविस्तर पत्र लिहून आरोप फेटाळले. त्याच उन्हाळ्यात व्हर्मांटमध्ये ‘सगारिस’ नावाची स्त्रीवादी विचारांची निवासी शाळा भरली होती. तिला मिस फाउंडेशनचे पैसे मिळाले होते आणि आणखी मिळायचे होते. ते घ्यावेत का, यावरून बायका दिवसरात्र भांडल्या. टी-ग्रेस ॲटकिन्सन आणि इतर काहींनी बाहेर पडून वेगळी चूल मांडली, तिचं नाव ‘सात ऑगस्टचा तगून राहणारा समुदाय’. शाळा पुन्हा उभी राहू शकली नाही. कोणी हस्तक तिथं होता की नव्हता, याला नंतर अर्थ उरला नाही. हस्तकानं जे केलं असतं ते त्याच्यावाचून पार पडलं होतं. १९७९ साली रँडम हाउसनं रेडस्टॉकिंग्जचं पुस्तक छापलं तेव्हा कायदेशीर कारवाईच्या भीतीनं त्यातलं सीआयएचं प्रकरण गाळलं. आरोपाला यापेक्षा मोठं बळ दुसरं काय मिळणार? छापलं असतं तर लोकांनी वाचून सोडून दिलं असतं.

हा किस्सा मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या संस्थेला सीआयएचा पैसा होता, हे त्याच सुमारास उघड झालं. तिच्या भारतीय शाखेचं ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक १९५५पासून मुंबईहून निघे. निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक, पुढं प्रा. अ. भि. शहा हे संपादकांपैकी एक. हेच शहा इंडियन सेक्युलर सोसायटीत हमीद दलवाईंचे सहकारी. आता साखळी जोडायचीच म्हटली तर सीआयए, क्वेस्ट, शहा, दलवाई अशी जोडता येते. पण १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणाले, ती मागणी कोणत्या धन्याची? तलाक मिळालेल्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आपल्याकडे ‘परकीय हात’ दाखवण्याची रीत इंदिरा गांधींच्या काळात सरकारमान्य झाली आणि परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६चा, आणीबाणीतला. हात कधी कधी असतोही. पण हाताकडे बोट दाखवून झालं की तोंडानं काय म्हटलं ते ऐकायची गरज उरत नाही, हा त्यातला सरकारी फायदा.

एप्रिल १९७६च्या ‘मिस’मध्ये जो फ्रीमन यांनी ‘जोरीन’ या नावानं एक लेख लिहिला. चळवळीत बाई पुढं आली, तिचं नाव झालं, की मैत्रिणीच तिला कशा सोलून काढतात, ते त्यात होतं. तेवढी पत्रं त्या मासिकाला आधी कुठल्याच लेखावर आली नव्हती. मला हा लेख त्या काळातल्या सगळ्या गौप्यस्फोटांहून मोलाचा वाटतो, कारण त्यात कोणीही हेर नाही आणि तरी सगळं घडतं.

यानंतर येतं ते पुस्तक, ज्याच्यापाशी या वादाची दोन्ही सूत्रं एकत्र येतात. जॅनिस रेमंड या बॉस्टन कॉलेजात मेरी डेली यांच्या विद्यार्थिनी. १९७९ साली त्यांचं ‘द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर’ प्रसिद्ध झालं. मांडणी थोडक्यात अशी: पुरुष डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि औषधांचा धंदा यांनी मिळून एक साम्राज्य उभारलं आहे. बायकांवर आणि पुरुषांवर लादलेले साचे मोडण्याऐवजी ते साम्राज्य साच्यात न बसणाऱ्या माणसाचं शरीर कापून त्याला दुसऱ्या साच्यात बसवतं. आणि अशी घडवलेली ‘स्त्री’ स्त्रियांच्या चळवळीत शिरून ती आतून काबीज करते. यातल्या पहिल्या भागाला सामाजिक टीका म्हणता येईल. दुसऱ्या भागात टीकेचं कारस्थान झालं.

पण १९७९मध्ये हे वाचणाऱ्या बाईला ते का पटलं असेल, ते समजून घेतलं पाहिजे. हार्मोन आणि डॉक्टर यांच्याबद्दल ती आधीच पोळलेली होती. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन घेऊन चिरतरुण राहायचा सल्ला देणारं पुस्तक लिहिलं, ते धडाधड खपलं. त्यांना औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढं उघड झालं, आणि १९७५च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इस्ट्रोजेनचा संबंध गर्भाशयाच्या कर्करोगाशी जोडणारे अभ्यास आले. म्हणजे कंपनी, डॉक्टर आणि ‘खरी बाई कशी असावी’ याची जाहिरात, हे त्रिकूट तिनं प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्यात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांसाठीचं जॉन्स हॉपकिन्सचं क्लिनिकही १९६६ सालीच सुरू झालेलं. अशा क्लिनिकांत शस्त्रक्रियेसाठी निवड व्हायची तर माणूस पुरेसा नाजूक, लाजरा, स्वयंपाकघरात रमणारा आणि पुरुषांकडे ओढा असलेला दिसावा लागे. रेमंड यांनी विचारलं, आम्ही जी चौकट मोडायला निघालो आहोत तीच हे लोक मिरवत नाहीत का?

या प्रश्नाला खरं उत्तर दिलं ते त्या पुस्तकात नाव घेऊन झोडपल्या गेलेल्या बाईनं. सँडी स्टोन ही ध्वनिमुद्रणातली तज्ज्ञ, जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेली. सत्तरीच्या दशकात ती ‘ऑलिव्हिया रेकॉर्ड्स’ या फक्त स्त्रियांनी चालवलेल्या कंपनीत आली आणि तिनं इतर बायकांना यंत्रं हाताळायला शिकवलं. ती ट्रान्स स्त्री आहे हे ऑलिव्हियाच्या बायकांना ठाऊक होतं. रेमंड यांनी आपल्या प्रकरणाचा मसुदा त्यांना आधी पाठवला होता. पुस्तक यायच्या आतच खुली पत्रं, बहिष्काराच्या धमक्या सुरू झाल्या. ऑलिव्हियाच्या बायकांनी स्टोनची बाजू धरली, तरी शेवटी तिनंच कंपनी सोडली. पुढं डॉना हॅरवे यांच्याकडे शिकत असताना तिनं उत्तर लिहिलं, ते १९९१मध्ये छापून आलं.

त्यातली मेख अशी आहे. क्लिनिकांतल्या डॉक्टरांना एक नवल वाटत असे: येणारा प्रत्येक रुग्ण आपली कहाणी हॅरी बेंजामिन यांच्या १९६६च्या ग्रंथात वर्णन केल्याबरहुकूम सांगतो! निदान किती अचूक आहे, असं त्यांना वाटलं. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की रुग्णही तोच ग्रंथ वाचून येत होते. एकमेकांना देत होते, पाठ करत होते, कारण त्याबरहुकूम बोललं तरच शस्त्रक्रिया मिळायची. रेमंड यांना जी नटवी, आज्ञाधारक स्त्री दिसली ती दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलेला परवलीचा शब्द होती. क्लिनिकं साचेबद्ध बाई घडवतात, हे स्टोनलाही मान्य होतं. त्यावरची तिची टीका रेमंड यांच्याइतकीच धारदार आहे. तिचं म्हणणं एवढंच, की त्या साच्याचे बळी तुम्हाला साच्याचे सेनापती दिसले. आणि तिनं ट्रान्स माणसांनाही सांगितलं: पाठ केलेली कहाणी सांगणं थांबवा, स्वतःचा गुंतागुंतीचा इतिहास लपवू नका. या सबंध वादात पुरावा तोच ठेवून अर्थ पालटून दाखवण्याचं इतकं नेटकं उदाहरण दुसरं नाही.

रेमंड यांच्या विरोधकांनीही एक कारस्थानकथा रचली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. १९८० साली रेमंड यांनी आरोग्य तंत्रज्ञानाच्या एका सरकारी केंद्रासाठी या शस्त्रक्रियांच्या सामाजिक आणि नैतिक बाजूंवर टिपण लिहिलं. १९८१च्या सरकारी अहवालानं या शस्त्रक्रिया अजून प्रयोगावस्थेत असल्याचं म्हटलं, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेनं त्यांचा खर्च द्यायचं नाकारलं आणि ती बंदी उठायला २०१४ साल उजाडलं. यावरून असं सांगितलं जातं की एका स्त्रीवादी बाईच्या टिपणानं हजारो लोकांचे उपचार तोडले. रेमंड हे नाकारतात. त्या काळी जॉन्स हॉपकिन्सनं स्वतःच्या डॉक्टरांच्या अभ्यासानंतर १९७९मध्ये शस्त्रक्रिया बंद केल्या होत्या, डॉक्टरांतच मतभेद होते, खर्च टाळणं विमा चालवणाऱ्यांना हवंच होतं. एवढी कारणं आयती असताना सरकारनं एका तत्त्वज्ञ बाईचं ऐकून धोरण ठरवलं, हे मानायला सरकारचा स्त्रीवादावर भलताच विश्वास असल्याचं मानावं लागेल.

पुढच्या वर्षांतल्या चकमकी मी भराभर ओलांडतो. मिशिगनच्या जंगलात १९७६पासून भरणाऱ्या स्त्रियांच्या संगीत महोत्सवातून १९९१मध्ये एका ट्रान्स स्त्रीला रात्री बाहेर काढलं गेलं, मग फाटकाबाहेर निषेधाचा तळ पडू लागला, आणि २०१५मध्ये महोत्सवच संपला. दोन्ही बाजूंची माणसं त्यात म्हातारी झाली.

आजच्या वादात हेराची जागा देणगीदारानं घेतली आहे. ब्रिटनमध्ये जन्मजात लिंगाला महत्त्व देणाऱ्या स्त्रीवाद्या एका दस्तऐवजाकडे बोट दाखवतात. डेंटन्स या बड्या वकिली कंपनीच्या मदतीनं, थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन आणि युरोपातल्या एका युवक संघटनेच्या नावानं तो २०१९मध्ये निघाला. अल्पवयीनांना कायदेशीर लिंगबदल मिळवून देणाऱ्या मोहिमा कशा चालवाव्यात, हा विषय. त्यात सल्ले आहेत: आपली मागणी लोकप्रिय सुधारणेला जोडा, वृत्तपत्रांतली फार प्रसिद्धी टाळा. आयर्लंडमध्ये २०१५ साली समलैंगिक विवाहाच्या सार्वमताच्या धामधुमीत लिंगओळखीचा कायदा कसा सुरळीत झाला, ते उदाहरण दिलं आहे. वाचून राग येतो, येणारच. लोकांना नकळत कायदा व्हावा असं म्हणणाऱ्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा? पण हा कट म्हणायचा तर तो छापील, मुखपृष्ठासह आणि सगळ्यांना वाचायला खुला. दारूबंदीपासून ऊसदरापर्यंत कुठल्याही मागणीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस हेच सल्ले देईल.

पलीकडच्या बाजूकडेही दस्तऐवज आहेत. विमेन्स लिबरेशन फ्रंट या अमेरिकी जहाल स्त्रीवादी गटानं ओबामा सरकारच्या शाळांविषयीच्या धोरणाविरुद्ध दावा लावला, तेव्हा अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम या ख्रिस्ती उजव्या संस्थेकडून पंधरा हजार डॉलर घेतले. ही संस्था गर्भपाताची कट्टर विरोधक. २०१७ साली वॉशिंग्टनमधल्या एका धार्मिक मेळाव्यात एका वक्त्या बाईनं जाहीरपणे सुचवलं की समलैंगिकांपासून ट्रान्स लोकांना वेगळं काढा, म्हणजे लढाई सोपी होईल. हेही खरं आणि हेही उघड. त्यावरून लिंगओळखीबद्दल शंका घेणारी प्रत्येक बाई उजव्यांच्या पगारावर आहे, असं अनुमान काढलं जातं. पण हॅलिफॅक्स किंवा ग्लासगोत स्वतःच्या पदरच्या पैशांनी सभेची खोली भाड्यानं घेणाऱ्या मजूर पक्षाच्या जुन्या कार्यकर्तीला ते लागू पडत नाही. ज्यूडिथ बटलर यांनी २०२४च्या ‘हूज अफ्रेड ऑफ जेंडर?’मध्ये व्हॅटिकनपासून लोकानुनयी नेत्यांपर्यंत पसरलेल्या भयाचा जो नकाशा काढला, तो व्हॅटिकनच्या बाबतीत मला पटतो. स्त्रीवाद्यांनाही त्यांनी त्याच नकाशात बसवलं, तिथं पुस्तक लंगडतं. ज्या लेखिकेनं आयुष्यभर साचे मोडायला शिकवलं तिच्याकडून विरोधकांसाठी एकच साचा अपेक्षित नव्हता.

पैशाचा माग काढू नये असं मी म्हणत नाही. विल्सन डॉक्टरांच्या बाबतीत तो काढला गेला नसता तर किती बायकांनी त्या गोळ्या किती वर्षं घेतल्या असत्या कोण जाणे. पैसा काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, एवढा भेद मात्र ठेवावा लागतो. कोणता आवाज मोठ्यानं ऐकू येतो, ते पैशावरून कळतं. आवाज काय म्हणतो ते खरं की खोटं, याचा शोध वेगळा. तुरुंगात ट्रान्स स्त्रीला कुठं ठेवावं, शर्यतीत कोणत्या गटात धावू द्यावं, पंधरा वर्षांच्या मुलाला औषधं द्यावीत का, यांची उत्तरं कोणाच्या बँक खात्यात सापडत नाहीत. ती तुरुंगात, मैदानावर आणि दवाखान्यात शोधावी लागतात, आणि तिन्ही ठिकाणी ती एकसारखी निघतील असंही नाही.

१६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या दाव्यात एकमतानं निकाल दिला: २०१०च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री, ट्रान्स व्यक्तींना त्याच कायद्यातलं वेगळं संरक्षण कायम राहील. निकालानंतर काही तासांत जे. के. रोलिंग यांनी या दाव्यासाठी दिलेल्या सत्तर हजार पौंडांची चर्चा पुन्हा सुरू झाली. ती देणगी आधीच जाहीर होती. सुनावणीत मात्र पैशाचा प्रश्न नव्हता. तिथं कलमांचा कीस पडला: गरोदरपणाच्या तरतुदी कोणाला लागू होतात, फक्त लेस्बियनांची संघटना काढायची तर सभासदत्व कोणाला नाकारता येतं, लिंगबदलाचं प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या माणसांना दारावरचा माणूस ओळखणार कसा. लेस्बियनांच्या संघटना एका बाजूनं हस्तक्षेप करून बोलल्या, ॲम्नेस्टी दुसऱ्या बाजूनं. एका ट्रान्स माजी न्यायाधीशांना स्वतः बाजू मांडायची होती, ती परवानगी त्यांना मिळाली नाही आणि त्याबद्दलची नाराजी रास्त आहे. निकालानंतर काम आलं ते समानता आयोगाकडे. रुग्णालयाचे वॉर्ड, कपडे बदलायच्या खोल्या, आश्रयगृहं यांसाठी नियमावली लिहायची होती, आणि तिच्या मसुद्यावर दोन्हीकडच्या बायकांनी परिच्छेदागणिक हरकती नोंदवल्या.